मातीत सांडलेले पैसे

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे अनेक घरांतून पाटावर राणीछाप रुपया मांडतात. वर्षभर तो कपाटात फडक्यात गुंडाळलेला असतो. त्या संध्याकाळी रांगोळीने घासून लख्ख होतो, हळदकुंकू लावून घेतो आणि दिवाळी सरली की पुन्हा फडक्यात जातो. ज्या राणीचे राज्य आपण घालवले तिचे तोंड आपण लक्ष्मीशेजारी भक्तिभावाने ठेवतो, याचे कोणाला काही वाटत नाही. आपल्या लेखी ती राणी नव्हेच. तो एक तोळा वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा रुपया म्हणजे आजीने राखून ठेवलेली घरची लक्ष्मी!

या रुपयाला घर मिळाले. त्याची काही भावंडे मात्र मातीत पडून राहिली, आणि मला लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी.

मी शहापूर तालुक्यात शाळामास्तर आहे. पहिला पाऊस झाला, नांगरणी उरकली की वर्गातली मुले खिशातून काहीबाही काढून माझ्या टेबलावर ठेवतात. हिरवा पडलेला तांब्याचा पैसा, गंजलेली खीळ, कधी १९४३ नंतरचा भोकाचा पैसा. "गुरुजी, याचे किती येतील?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "कुठे सापडला?" हा माझा. "शेतात." "कोणत्या शेतात? बांधाच्या अलीकडे की पलीकडे? एकटाच होता की आणखी काही होते?" येथवर आले की मुलाला वाटते, गुरुजींना किंमत सांगायची नाही म्हणून ते फाटे फोडताहेत. पण खरी किंमत त्या फाट्यांतच असते.

हल्ली धातू शोधण्याची यंत्रे घेऊन हौशी मंडळीही रानात हिंडतात. लांब दांड्याच्या टोकाला ताटाएवढे वेटोळे. त्यातून विजेचा प्रवाह उलटसुलट धावतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. खाली धातू असला तर त्यातही प्रवाह उमटतात, यंत्राला त्यांची चाहूल लागते आणि ते ओरडते. युक्ती जुनीच आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनकर्त्या बेल यांनी असेच यंत्र लावले होते. ती गोळी काही सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या कोसाकी नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीत पुरलेले सुरुंग हुडकणारे यंत्र तयार केले आणि असंख्य सैनिकांचे पाय वाचवले. आपल्या सह्याद्रीचा काळा खडक स्वतःच लोह बाळगून असल्यामुळे येथे हे यंत्र पुष्कळदा उगाचच ओरडते. मग खणणारा खणतो, शिव्या देतो आणि खड्डा तसाच टाकून पुढे जातो.

आमच्या भागात शोधण्याजोगे आहे तरी काय? जुने वैभव पाहावे तर मुरबाडच्या बाजूला सातवाहनांचा नाणेघाट आहे. शहापूरजवळ माहुलीचा गड आहे. तेथे १६३६ साली शहाजीराजांना निजामशाहीचा डाव सोडून द्यावा लागला. पण नांगराच्या फाळाला आमच्याकडे लागते ते बहुधा इंग्रजी अमदानीतले. त्या काळातली सर्वांत मोठी घडामोड म्हणजे रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी १८५५ मध्ये वासिंदपर्यंत आली, १८६० मध्ये आसनगावला, १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला. तेथून थळ घाट चढून इगतपुरी गाठायला तिला पुरी चार वर्षे लागली. १८६५ च्या पहिल्या दिवशी ती वर पोचली. दर सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. सुरुंग लावून डोंगर फोडायचा, दऱ्यांवर पूल बांधायचे, आणि हे सारे त्या पावसात!

कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले हे काम पुरे होण्यापूर्वीच, १८६२ साली वारले. तरी त्यांचे नाव रेल्वेच्या इतिहासात आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण पहार मारणारे? पाटी वाहणाऱ्या बाया? तापाने आणि पटकीने झोपडीतच संपलेली माणसे? त्यांना नावनिशी कोणी लिहून ठेवले नाही. ती कोठे उतरली, चूल कोठे पेटली, बाजार कोठे भरला, हे सांगायला मागे उरले ते एवढेच: कमरेच्या कशातून गळलेला पैसा, तुटलेला विळा, वाकलेली पहार. एका ठिकाणी दहा पैसे, दोन खिळे आणि चुलीची राख मिळाली तर तेथे माणसांचा तळ होता असे म्हणता येते. तेच दहा पैसे दहा खिशांतून दहा गावांना गेले, की उरते नुसते तांबे.

नाण्यावर साल असते, मग ठिकाण कशाला हवे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर हा राणीछाप रुपयाच देतो. १८६२ हे साल छापलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते! म्हणजे हाती आलेला १८६२ चा रुपया घाटाच्या बांधकामातला की त्यानंतर दहा वर्षांनी बैलगाडीतून पडलेला, हे नाणे सांगू शकत नाही. ते सांगते भोवतालची माती.

यंत्राचा यात दोष नाही. अमेरिकेत माँटाना प्रांतात लिटल बिगहॉर्न येथे १८७६ साली तेथील मूळ रहिवाशांनी कस्टरच्या फौजेची तुकडी कापून काढली. १९८३ मध्ये वणव्याने तेथले गवत जळाले, तेव्हा संशोधकांनी पुढच्या वर्षी हीच यंत्रे घेऊन ते रान पायाखाली घातले. प्रत्येक काडतूस, प्रत्येक गोळी सापडली त्या जागी खूण करून नकाशावर मांडली. त्यावरून कोण कोठे उभा होता, कोठून कोठे सरकला हे शंभर वर्षांनी उलगडले.

हे वाचताना मला आमच्या मुरबाडचा सिद्धगड आठवला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता तो हाच. अशा रानातले रिकामे काडतूस शोभेसाठी उचलून नेणे म्हणजे साक्षीदाराला पळवून नेणे होय.

कायद्याचीही एक गंमत सांगतो. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून मोलाचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे सांगणारा भारतीय निखात निधीचा कायदा १८७८ चा. त्या वर्षीचा तो सहावा कायदा. सातवा होता जंगलाचा! भुईच्या पोटातले आणि भुईवरचे अशा दोहोंचा हिशेब सरकारने लागोपाठ लिहून टाकला. दुसऱ्या कायद्याने आमच्या ठाकर-कातकऱ्यांचे रान त्यांना परके केले. पहिला मात्र इतका कठोर नाही. ठेव्याला धनी नसेल तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा देण्याची तजवीज त्यात आहे. लपवणाऱ्याला मात्र शिक्षा. शिवाय संरक्षित गडकोटांवर परवानगीवाचून कुदळ मारणे हा गुन्हाच आहे.

पण आमच्या मुलांना मी कायदा सांगत नाही, वही देतो. सापडलेल्या वस्तूचे चित्र काढायचे. शेताचे नाव, जवळचे झाड, बांधापासूनची पावले, किती खोल, सोबत काय, सारे लिहायचे. या सुट्टीत तुमच्या मुलांनी किल्ल्यासाठी माती खणताना एखादा हिरवा पैसा वर काढलाच, तर त्यांच्याही हाती अशी एक वही द्या. एका पैशाने इतिहास होत नाही हे खरे. पण वह्या साठत गेल्या तर कदाचित एक दिवस थळ घाटाखालचा तो तळ नकाशावर येईल, आणि डोंगर फोडणाऱ्या माणसांची निदान राहण्याची जागा तरी आपल्याला ठाऊक होईल.