पात्र, अपात्र आणि दानपत्र

नागपूरहून यवतमाळला जाताना कळंब लागते. येथील चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. देवाला भेटायचे तर पायऱ्या उतरून जावे लागते. दर बारा वर्षांनी कुंडातले पाणी चढून मूर्तीच्या चरणांना लागते अशी श्रद्धा आहे, आणि गणेशपुराणातले कदंबपूर ते हेच, असे येथील परंपरा सांगते. आम्हांला येथे देवाच्या माहात्म्याविषयी नव्हे, देवाच्या मालमत्तेविषयी थोडे लिहायचे आहे. कळंबला काय किंवा अन्यत्र काय, भाविकाने पेटीत टाकलेला रुपया त्या क्षणापासून कोणाचा होतो? देवाचा, पुजाऱ्याचा, विश्वस्तांचा, की गावाचा?

कायद्याने या प्रश्नाला जे उत्तर दिले त्याचा इतिहास कळंबच्या बाबतीत जरा आडवळणाचा आहे. मुंबई राज्याने 1950 साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा केला आणि धर्मादाय आयुक्त हे पद निर्माण केले. परंतु कळंब तेव्हा मुंबई राज्यात नव्हते. ते मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. मध्य प्रदेशाचा स्वतंत्र कायदा 1951 चा, आणि त्यात न्यासांचा निबंधक म्हणजे खुद्द जिल्हाधिकारी. जो सारा गोळा करी तोच दानाचीही नोंद ठेवी. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला, महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर मुंबईचा कायदा येथेही लागू झाला आणि दानाची वही महसुलाच्या कचेरीतून धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत गेली. ‘धर्मादाय’ हा शब्द मूळचा बाजारपेठेतला. व्यापारी धर्मकार्यासाठी बाजूला काढी तो पैसा. आता तो एका सरकारी खात्याच्या पाटीवर बसला.

मुंबईच्या या कायद्याला आव्हान मिळाले. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली जो निकाल दिला तो साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचण्याजोगा आहे. देखरेखीसाठी न्यासांकडून घेतली जाणारी रक्कम हा कर नसून शुल्क आहे, म्हणून ती योग्य ठरली. परंतु मूळ हेतू पार पाडणे शक्य असतानाही धार्मिक न्यासाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवण्याची मुभा देणारी तरतूद टिकली नाही. दाता कधीच मरून गेलेला असो, त्याची इच्छा जिवंत राहते. ज्यांच्यासाठी दान दिले गेले त्यांच्या इच्छेचा प्रश्न त्या वादात फारसा आलाच नाही.

दात्याच्या शब्दाला हा जो मान आहे, तो आधुनिक कायद्याने निर्माण केलेला नाही. याच वऱ्हाडात, अचलपूरजवळच्या चमक या गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला आहे. काळ इसवी सनाचे पाचवे शतक. भोजकट प्रदेशातले, मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव राजाने एक हजार ब्राह्मणांना दान दिले. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख संपादून ठेवल्यामुळे हा मजकूर आज सहज पाहता येतो. त्यातील सवलतींची यादी मोठी बोलकी आहे. या गावाने दूध-फुले द्यायची नाहीत, दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना बसायला कातडी आणि जाळायला कोळसा पुरवायचा नाही, मिठाच्या खाणीवरचा राजाचा हक्क सुटला, वेठबिगार माफ झाली. वरवर हे औदार्य. पण या साऱ्या गोष्टी राजाच्या घरून येत नव्हत्या. गावकऱ्यांच्या गोठ्यातून आणि अंगमेहनतीतून येत होत्या. राजाने सोडलेले हक्क दान घेणाऱ्यांच्या हाती गेले, गावकरी मोकळे झाले नाहीत, असा अर्थ राम शरण शर्मा यांनी 1965 च्या आपल्या ग्रंथात अशा दानपत्रांतून काढला. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. तरी दान दिलेली वस्तू मुळात कोणाची, हा त्यांचा प्रश्न काही मिटलेला नाही.

चमकच्या ताम्रपटात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, दानाला अटी आहेत: घेणाऱ्यांनी राज्यद्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. तसे केल्यास राजाने जमीन काढून घेतली तरी त्याला चोरीचा दोष नाही. दुसरी गोष्ट अशी की ब्राह्मण हजार म्हटले असले तरी नावे कोरली आहेत ती 49. दात्याची वंशावळ मात्र सविस्तर आहे.

परोपकाराविषयीचा अलीकडचा विचार वाचताना आम्हांला हा ताम्रपट वारंवार आठवतो. मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानाने 1925 साली मांडले की कोणतीही देणगी परतफेडीची अपेक्षा बरोबर घेऊनच येते. त्यासाठी त्याने महाभारतातील दानधर्माचाही आधार घेतला. जोनाथन पॅरी यांनी 1986 साली त्याला उत्तर दिले: भारतीय दानाला परतफेड मान्यच नाही, आणि म्हणूनच ते घेणाऱ्याला जड जाते, कारण दात्याचे पापही त्याबरोबर घरात येते. हेन्री हान्समन यांनी 1980 साली ना-नफा संस्थेची उपपत्ती सांगितली. पैसे देणारा एक आणि सेवा मिळणारा दुसरा असल्याने देणाऱ्याला काय घडले ते दिसत नाही. म्हणून तो नफा वाटून न घेणाऱ्या संस्थेवर भरवसा ठेवतो. उपपत्ती चोख आहे. पण तिच्या केंद्रस्थानी पुन्हा दात्याचाच भरवसा आहे. घेणाऱ्याने कोणावर भरवसा ठेवावा, ते ती सांगत नाही. रॉब राइश यांचे 2018 चे पुस्तक तर चर्मांकच्या गोठ्यातच येऊन पोहोचते. करसवलत घेऊन दिलेल्या देणगीचा काही भाग जनतेने भरलेला असतो, पण तो कोठे जावा हे दाता एकटा ठरवतो. आपल्याकडे 1961 च्या आयकर कायद्यातील ‘80जी’ने अशाच सवलतीची सोय केली.

मग घेणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी आपल्या परंपरेत एक शब्द आहे: पात्र. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगताना स्थळकाळाबरोबर पात्रही मोजले आहे. पात्र म्हणजे भांडे. ज्यात ओतायचे ते गळके असू नये. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हे भांडे अक्षरशः हातात घेतले आणि त्यावरून नाव मिळवले. पण ते आधी गाव झाडीत, भाकरी मग. लोकांच्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यांत राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. घेणाऱ्याने स्वतःची पात्रता स्वतः ठरवावी, याचे वऱ्हाडातले एवढे ठसठशीत उदाहरण आम्हांला तरी दुसरे ठाऊक नाही.

तोच शब्द यवतमाळ जिल्ह्यात गेल्या वीस वर्षांत सरकारी फायलीत आला आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये देण्याची जी पद्धत 2005-06 च्या सुमारास ठरली, तिच्यात प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. जमीन घराच्या नावावर हवी. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. नापिकीमुळे ते थकलेले हवे, आणि वसुलीचा तगादा झालेला हवा. मक्त्याने शेती करणारा, बिनपरवाना सावकाराकडून पैसे उचललेला, या चाळणीतून सहज खाली पडतो. जो पात्र ठरतो त्याच्या घरी 30 हजार रुपये हाती येतात. उरलेले 70 हजार ठेव म्हणून अडकवलेले असतात, कारण विधवेला रक्कम सांभाळता येईल याचा भरवसा देणाऱ्याला नसतो. ही मदत आहे, दान नाही, असे शासन म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण भाषा दानशास्त्राचीच राहिली. ‘अपात्र’ हा शेरा पडतो तेव्हा मेलेला माणूस तपासला गेलेला असतो, आणि त्याच्या घरच्यांना कळवले जाते की त्याचे मरण नियमात बसले नाही.