पेशींचीही गणती असते



बचत गटाच्या बैठकीत कधी गुडघेदुखीचा विषय निघतो, कधी पिकल्या केसांचा. मग कुणीतरी विचारतंच, "माणूस म्हातारा का होतो गं?" आज आपण या प्रश्नाच्या एका भागाचा इतिहास पाहू.

आपलं शरीर कोट्यवधी पेशींचं बनलेलं आहे. खरचटलेली जागा भरून येते, कारण तिथल्या एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात. मग हे कायम का चालत नाही?

१९१२ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्सी कॅरेल या शास्त्रज्ञानं अंड्यातल्या पिल्लाच्या हृदयाचा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवला. त्या पेशी १९४६ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षं वाढत राहिल्या असं सांगितलं गेलं. कॅरेल नोबेल मिळालेले! त्यामुळे पेशी अमर असतात, असंच सगळे मानू लागले. कुणाच्या प्रयोगशाळेत पेशी वाढायच्या थांबल्या, तर दोष तिथल्या हातांना लागे.

१९६१ साली अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी वेगळंच मांडलं. माणसाच्या पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होत, मग थांबत. लगेच मरत नसत, पण वाढत नसत. दोष खाद्याचा की पेशीचा? त्यांनी पुरुषाच्या जुन्या पेशी आणि बाईच्या तरुण पेशी एकाच भांड्यात मिसळल्या. काही काळानं पाहिलं, तर उरल्या फक्त बाईच्या पेशी. भांडं तेच, खाद्य तेच. म्हणजे गणती पेशीच्या आतच होती. गोठवून ठेवलेल्या पेशीसुद्धा पुन्हा ऊब मिळाली की राहिलेल्या आकड्यापासून पुढे चालत.

हा लेख एका नामांकित नियतकालिकानं परत पाठवला. तो दुसरीकडे छापून आला. कॅरेलचा प्रयोग मात्र तसाच्या तसा कुणालाच करून दाखवता आला नाही. मोठ्या नावापेक्षा नीट ठेवलेली नोंद खरी ठरली. गटाची वही लिहिणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

ही गणती राहते कुठे? पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. नाडीचं टोक उसवू नये म्हणून गाठ मारतो ना, तसंच हे टोक. पेशीची प्रत निघताना दर वेळी ते थोडं झिजतं. फार आखूड झालं की पेशी थांबते. १९८४ साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर यांना तळ्यातल्या एकपेशीय जिवात हे टोक पुन्हा लांबवणारं द्रव्य, टेलोमरेज, सापडलं. २००९ चं नोबेल या दोघींना जॅक शोस्टॅक यांच्यासोबत मिळालं.

मग हे द्रव्य घेतलं की म्हातारपण गेलं? तसं नाही. बहुतेक कॅन्सरच्या पेशी याच द्रव्याच्या जोरावर न थांबता वाढतात. म्हणजे पेशीचं थांबणं हे आपलं संरक्षणही आहे. शिवाय म्हातारपणाचं हे एकच कारण नव्हे. म्हणून "पुन्हा तरुण व्हा" म्हणत कुणी महागडी बाटली विकायला आलं, तर गटाचे पैसे काढण्याआधी चार प्रश्न विचारा.

आणि ही मोजकं आयुष्य असलेली पेशी उपयोगाचीही आहे बरं. आपल्या बाळांना गोवर-रुबेलाची लस देतात, तिच्यातला रुबेलाचा विषाणू अशाच मानवी पेशींवर वाढवतात. थांबण्याआधी ती केवढं काम करून जाते!