विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर

मागल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक विद्यार्थी आपला संगणक बगलेत मारून आमच्या स्टाफरूममध्ये आला. मी शिकवतो इतिहास. संगणकाचे आणि माझे नाते कामापुरते. पण त्याची तक्रार मोठी मजेची होती. घरी विंडोजवर त्याने आज्ञांची एक फाईल लिहिली होती. तीच फाईल प्रयोगशाळेतल्या लिनक्सच्या संगणकावर नेली, तर ती चालेचना. "सर, अक्षर न् अक्षर तेच आहे हो! दोन्हीकडे सारखंच दिसतंय," तो म्हणाला. अखेर दोष सापडला. प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारे एक चिन्ह जादा होते. ते काढले आणि गाडी चालू झाली. मग त्याने विचारले, "पण हे चिन्ह आलं कुठून?"

वाचकहो, 'हे आले कुठून?' हा प्रश्न इतिहासाच्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. शोध घेता घेता मी त्या काळ्या खिडकीच्या इतिहासात शिरलो. टर्मिनल म्हणतात ती ही खिडकी. तिथे चित्रांवर बोट ठेवायचे नसते. आज्ञा टंकायची आणि उत्तर वाचायचे, एवढाच व्यवहार. आजही हजारो प्रोग्रामर याच खिडकीत आपला संसार मांडतात, आणि विंडोज असो, मॅक असो वा लिनक्स असो, तोच संसार सगळीकडे घेऊन फिरतात. हे बिऱ्हाड पाठीवर कसे मावते, ते आज पाहू.

प्रथम त्या अदृश्य चिन्हाचा निकाल लावू. जुन्या तारऑफिसात किंवा वर्तमानपत्राच्या कचेरीत टेलिप्रिंटर ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याची खडखड आठवत असेल. या यंत्रात ओळ संपली की दोन कामे करावी लागत. छापणारा भाग डाव्या टोकाला परत आणायचा, हे एक. कागद एक ओळ वर सरकवायचा, हे दुसरे. कामे दोन, म्हणून चिन्हेही दोन. पुढे संगणक आले, कागद गेला, छापणारा भागही गेला; पण संकेत राहिले. युनिक्स या प्रणालीने ओळीच्या शेवटी एकच चिन्ह पुरे मानले, कागद सरकवण्याचे. डॉसने आणि तिच्यामागून विंडोजने दोन्ही ठेवली. जुन्या मॅकने केवळ दुसरेच, म्हणजे परत आणण्याचे, तेवढे घेतले. आमच्या विद्यार्थ्याची फाईल अडली ती या भाऊबंदकीत! जे यंत्र त्याने आयुष्यात पाहिले नाही, त्याच्या लोखंडी दांड्याची हालचाल त्याच्या फाईलीत शिल्लक होती.

युनिक्सचा जन्म १९६९ सालचा. अमेरिकेत न्यू जर्सीमधील मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीज ही संशोधनसंस्था होती. तेथे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा संगणकावर ही प्रणाली उभी केली. त्या काळी संगणकाशी बोलायचे ते टेलिप्रिंटरवरूनच. टेलिटाइप कंपनीचे मॉडेल ३३ हे त्यांतले प्रसिद्ध यंत्र. वेग सेकंदाला १० अक्षरे, आणि छापायचे ते फक्त मोठ्या लिपीतले इंग्रजी. कळा दाबायलाही चांगला जोर लागे. अशा यंत्रावर लांबलचक आज्ञा कोण लिहील? यादी दाखवणारी आज्ञा 'एलएस', नक्कल करणारी 'सीपी', हलवणारी 'एमव्ही'. सगळी दोन दोन अक्षरांची. बोरू शक्य तितका न उचलता लिहायचे म्हणून मोडीला जसे वळण लागले, तसेच हे. साधनाची अडचण लिपीत उतरते, साधन जाते, वळण राहते.

या आज्ञा वाचून संगणकाकडून काम करवून घेणारा जो मधला कारभारी, त्याला 'शेल' म्हणतात. शेल म्हणजे कवच. हे नाव लुई पुझाँ या फ्रेंच संशोधकाने दिले. ते १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एमआयटी येथे काम करीत होते. वारंवार लागणाऱ्या आज्ञा एका फाईलीत लिहून ठेवाव्यात आणि ती फाईलच चालवावी, ही सोयही त्यांचीच. तिचे नाव 'रनकॉम'. आजही शेलच्या मांडणीच्या फाईलींच्या नावाअखेर 'आरसी' ही दोन अक्षरे येतात, ती या रनकॉमची आठवण.

मग कागदाच्या जागी काच आली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९७८ साली व्हीटी-१०० हे टर्मिनल बाजारात आणले. त्याच्या पडद्यावर २४ ओळी मावत आणि ओळीत ८० अक्षरे. हा ८० चा आकडा तरी कुठला? आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रांच्या कार्डावर ८० रकाने होते, तिथला. पडद्यावर अमुक जागी जा, इथले पुसून टाक, हे शब्द ठळक कर, अशा सूचनांची एक सांकेतिक भाषा या यंत्राला येत होती. ती कंपनी १९९८ साली कॉम्पॅकने विकत घेतली आणि तिचे नाव बाजारातून गेले. पण आज तुमच्या संगणकावर जी टर्मिनलची खिडकी उघडते, ती व्हीटी-१०० चेच सोंग घेऊन उभी असते. खरे यंत्र नाही. यंत्राची भूमिका करणारे पात्र आहे. अन् प्रयोग अजून चालू आहे!

आता कॅलिफोर्नियात चला. बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय नावाचा एक तरुण १९७६ च्या सुमारास मजकूर लिहिण्या-सुधारण्याचे एक साधन तयार करीत होता. ते पुढे 'व्हीआय' या नावाने गाजले. जॉय यांनीच सांगितले आहे की, सेकंदाला ३०० बिटांच्या टेलिफोनवरही ते वापरता यावे असा त्यांचा प्रयत्न होता. म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. हिशेब करून पाहा: २४ ओळी गुणिले ८० अक्षरे म्हणजे १,९२०; पूर्ण पडदा एकदा भरायला एका मिनिटाहून अधिक वेळ. म्हणून व्हीआयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या, आणि बदलेल तेवढाच भाग पुन्हा काढायचा. जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर बसत, त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या; एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण कोरले होते. म्हणून आजचा तरुणही चांगल्या बाणांच्या कळा हाताशी असताना त्याच चार अक्षरांवर बोटे नाचवतो. त्याच टर्मिनलवर 'होम' ही खूण आणि टिल्डा हे नागमोडी चिन्ह एकाच कळेवर होते. आज टिल्डा म्हणजे 'माझे घर', असा अर्थ होतो तो त्यामुळे.

बाजारात टर्मिनले मात्र नाना कंपन्यांची, आणि प्रत्येकाची सांकेतिक बोली निराळी. जॉय यांनी १९७८ साली यावर एक उपाय केला. सर्व टर्मिनलांच्या बोलींची एक नोंदवही केली. तिचे नाव 'टर्मकॅप'. प्रोग्रामने आधी टर्मिनलचे नाव विचारावे, नोंदवही पाहावी आणि मग त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलावे. परक्या मुलखात जाताना दुभाषी बरोबर न्यावा, तसे हे. निरनिराळ्या यंत्रांवर एकच साधन चालवण्याची खरी सुरुवात इथे झाली, असे मला वाटते.

आता बिऱ्हाडाकडे येऊ. माणूस एका जागी रुळला की आपल्या सवयीची मांडणी करतो. आज्ञांना टोपणनावे देतो, रंग ठरवतो, कळा बदलतो. हे सगळे साध्या मजकुराच्या लहानलहान फाईलींत लिहिलेले असते आणि त्या फाईलींची नावे टिंबाने सुरू होतात. का? रॉब पाइक हे बेल लॅबोरेटरीजचेच. त्यांनी २०१२ साली याची हकीकत लिहिली. युनिक्समध्ये प्रत्येक कप्प्यात दोन नोंदी आपोआप असतात: एक टिंब म्हणजे हाच कप्पा, दोन टिंबे म्हणजे वरचा कप्पा. यादीत त्या दिसू नयेत म्हणून पहिले अक्षर टिंब असेल तर नाव वगळावे, अशी आखूड वाट कोणीतरी घेतली. झाले! टिंबाने सुरू होणारे प्रत्येक नाव अदृश्य झाले. मग लोकांनी आपल्या मांडणीच्या फाईली त्या आडोशाला ठेवल्या. पाइक यांना ही चूक वाटते. जगाने तिचे माजघर केले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला. साधने सर्वांना मोकळी असावीत, वाचता यावीत, बदलता यावीत, हा त्यांचा आग्रह. त्यातून १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले बॅश हे शेल आले. त्याच्या आदल्या वर्षी, १९८८ साली, पॉझिक्स हा प्रमाणग्रंथ निघाला होता. निरनिराळ्या युनिक्सांनी निदान एवढे तरी सारखे ठेवावे, असा तो करार. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स आणले. त्याच वर्षी ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनी व्हीआयचा सुधारलेला अवतार प्रसिद्ध केला, तो विम. गंमत अशी की, विम प्रथम निघाला तो अमिगा या घरगुती संगणकासाठी. तिथून तो युनिक्सवर गेला, डॉसवर गेला, विंडोजवर, मॅकवर गेला. अमिगा मागे पडला, विम राहिला. मूलेनार यांनी विमचे मोल मागितले नाही. आवडल्यास युगांडातील अनाथ मुलांसाठी काही द्या, एवढेच सांगितले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. त्यांच्या विममध्ये कोणी वीस वर्षांपूर्वी लिहिलेली मांडणी आज नव्या यंत्रावरही बव्हंशी चालते.

मॅकने २००१ पासून युनिक्सचा पाया घेतला, तेव्हा तिथे हे बिऱ्हाड सहज उतरले. उरली विंडोज. तिचे घराणे वेगळे. पण २०१६ साली मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आतच लिनक्सची साधने चालवण्याची सोय केली. वेगळ्या चुली असलेल्या घरांत पंगत एक झाली म्हणायची.

तरी सगळेच गोड झाले, असे नाही. बॅशने २००९ च्या चौथ्या आवृत्तीत नवा परवाना घेतला. मॅकवर मात्र जुनीच आवृत्ती राहिली आणि २०१९ पासून तेथे झेडशेल हे नेहमीचे शेल झाले. तेव्हा 'माझ्याकडे बॅश आहे' असे म्हणून भागत नाही. कोणत्या सालचा, तेही विचारावे लागते. एकच आज्ञा मॅकवर आणि लिनक्सवर वेगळी वागते, असेही घडते.

म्हणून या वाटेने जाणाऱ्या तरुणांना इतिहासाच्या आधारे चार गोष्टी सांगतो. आपल्या मांडणीच्या फाईली एकाच कप्प्यात ठेवा आणि त्यांच्या मूळ जागी फक्त दुवे द्या. त्या कप्प्याचा इतिहास गिट या साधनाने राखा. टोरवाल्ड्स यांनीच ते २००५ साली तयार केले. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या त्यात कदापि ठेवू नका. फाईलीच्या आरंभी यंत्राला विचारा, 'बाबा रे, तू कोण? मॅक की लिनक्स?' आणि मग ज्याला जे चालते ते द्या. ओळीच्या शेवटी एकच चिन्ह राहील, असे गिटला बजावून ठेवा. आणि प्रत्येक ओळीवर ती का लिहिली, याचे टिपण करा. दुसऱ्याची मांडणी जशीच्या तशी उचलणारा परक्या घरात राहतो. दिवा कुठला आणि पंखा कुठला, हे त्याला कळत नाही.

एक खंत मात्र सांगितली पाहिजे. हे घर इंग्रजी अक्षरांच्या मापाने बांधलेले आहे. टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या चौकोनांचा पट. एका चौकोनात एक अक्षर. आपली 'क्षि' घ्या. संगणकाच्या हिशेबी ती चार चिन्हे: क, हलन्त, ष आणि वेलांटी. मग तिला चौकोन किती द्यावे? एक प्रोग्राम एक सांगतो, दुसरा दुसरे सांगतो. अक्षरे फुटतात आणि खूण भलत्याच जागी जाऊन बसते. वास्तविक जगातल्या सर्व लिप्या साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ साली थॉम्प्सन आणि पाइक यांनीच बसवली. साठवण्याची अडचण तेव्हाच मिटली. मांडण्याची अजून पुरती मिटलेली नाही. टेलिप्रिंटरच्या दांड्याचा मान आपण इतकी वर्षे राखला, तर आपल्या जोडाक्षरांचाही राखला जावा. हे काम परके लोक करतील म्हणून वाट पाहण्यापेक्षा आपल्याच मुलांनी हाती घेतले तर बरे. साधने मोकळी आहेत. कोणाची परवानगी लागत नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा संगणक जुना, दुसऱ्याच्या हातून आलेला. त्याच्या शेजारच्या मुलाचा नवा, भारी किमतीचा. परवा प्रयोगशाळेत दोघांच्या पडद्यांवर तीच मांडणी, तीच टोपणनावे, तोच रंग दिसला. संगणक विकत घ्यावा लागतो, बदलावा लागतो, एक दिवस भंगारात द्यावा लागतो. हाताचे वळण मात्र आपले असते, आणि ते साध्या मजकुरात लिहून ठेवले असेल तर ज्या यंत्रापुढे बसाल तिथे आपले घर थाटता येते. निघताना तो पोरगा मला म्हणाला, "सर, ते जादा चिन्ह आता दिसलं की मला टेलिप्रिंटर ऐकू येतो."