उष्णतावहन, इमारतीतील

भिंतीच्या किंवा छपराच्या एका बाजूचे तापमान दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त असले, की उष्णता घन पदार्थातून थंड बाजूकडे सरकते. किती, ते काढण्याचे सूत्र जोझेफ फूर्ये यांच्या १८२२ मधील ग्रंथात आहे : वाहकता, क्षेत्रफळ व तापमानांतील फरक यांच्या गुणाकाराला जाडीने भागायचे. थंड मुलखात हा हिशेब घरातून निसटणाऱ्या उष्णतेचा. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तोच हिशेब आत शिरणाऱ्या उष्णतेचा होतो.

सेवाग्राम आश्रमातील १९३६ पासून उभ्या राहिलेल्या माती-बांबू-कवेलूच्या कुट्यांकडे बोट दाखवून ‘माती मुळातच थंड’ असे सांगितले जाते. अनुभव खरा आहे, कारण मात्र चुकीचे. भारतात रूढ असलेल्या कोष्टकांत कच्च्या विटेची वाहकता मीटरमागे, अंशामागे ०.७५ वॅट, तर भाजलेल्या विटेची ०.८१, म्हणजे जवळजवळ सारखीच. फरक पाडते ती जाडी. ४५ सेंमी मातीच्या भिंतीचा रोध (जाडी भागिले वाहकता) ०.६०, तर २३ सेंमी विटेच्या भिंतीचा ०.२८ येतो. त्यांत पृष्ठभागांना चिकटलेल्या हवेचा रोध, सुमारे ०.१७, मिळवावा. मग १० अंशांच्या फरकाला चौरस मीटरमागे मातीतून १३ व विटेतून २२ वॅट उष्णता आत येते. हवेचा हा थर विसरणे ही नेहमीची चूक. अर्ध्या मिलिमीटर टिनाची वाहकता ६१ धरून नुसते सूत्र चालवले तर चौरस मीटरमागे बारा लाख वॅट असे हास्यास्पद उत्तर येते; थर धरला की ५९.

आक्षेप असा, की हे गणित तापमान स्थिर मानते आणि वर्ध्याचे ऊन तर तासातासाला बदलते. आक्षेप रास्त आहे. पण त्याने जाडीचेच पारडे जड होते. ४५ सेंमी मातीतून दिवसाच्या चढउताराची लाट आत पोचायला साधारण १४ तास लागतात, त्यामुळे दुपारी तीनचा ताव पहाटे, तोही बराच ओसरून, आत येतो. तुलनेसाठी स्थिर गणित पुरते, आणि ते भिंतीपेक्षा छपराकडेच बोट दाखवते. तीन बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीच्या चारही मातीच्या भिंतींतून, दारे-खिडक्या सोडून, सुमारे ५५० वॅट आत येतात. कवेलू उतरवून टिन घातले तर एकट्या छपरातून ७००, आणि यात टिनावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब धरलेलाच नाही.