नऊ मुलींचं मंडळ

आज गोष्ट सांगते अमेरिकेतल्या एका मंडळाची.

तिथल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांची मंडळं असतात. त्यांना ग्रीक अक्षरांची नावं असतात. मुलग्यांच्या मंडळाला फ्रॅटर्निटी म्हणतात, मुलींच्या मंडळाला सोरॉरिटी. १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात एथेल हेजमन या विद्यार्थिनीच्या पुढाकारानं नऊ मुलींनी ‘अल्फा काप्पा अल्फा’ सुरू केलं. कृष्णवर्णीय मुलींनी काढलेली ही पहिली सोरॉरिटी. गोऱ्यांच्या मंडळांत तेव्हा त्यांना दारही उघडत नसे.

पाच वर्षांत मतभेद झाले. १९१३ मध्ये बावीस जणी वेगळ्या झाल्या आणि त्यांनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ काढलं. त्याच वर्षी मार्चमध्ये त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी वॉशिंग्टनच्या रस्त्यावर चालल्या. इकडे नेली क्वांडर यांनी जुन्या मंडळाची रीतसर नोंदणी करून घेतली. मंडळ फुटलं, पण काम दुप्पट झालं!

या मंडळांत पदवी मिळाली म्हणून नातं संपत नाही. शिकून नोकरीला लागलेल्या बायका वर्गणी भरत राहतात. १९३५ साली डॉ. डोरोथी फेरेबी यांच्यासोबत अल्फाच्या बायका मिसिसिपीत गेल्या. मळेवाले मजुरांना दवाखान्यात जाऊ देईनात, तेव्हा यांनी मोटारींतून दवाखानाच मळ्यावर नेला. पोरांना लसी टोचल्या. हे काम पुढं कित्येक उन्हाळे चाललं.

मग १९८० मध्ये त्यांनी शिक्षणासाठी स्वतंत्र धर्मादाय प्रतिष्ठान काढलं. वेगळं कशाला? तिथल्या कायद्यात सभासदांच्या मंडळाला दिलेल्या पैशावर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, धर्मादाय संस्थेला दिलेल्यावर मिळते. शिवाय शिष्यवृत्तीचा पैसा समारंभात खर्च होत नाही. या शिष्यवृत्तीसाठी सभासद नसलेल्या मुला-मुलींनाही अर्ज करता येतो. अशा प्रतिष्ठानांतून नेतृत्वाची शिबिरंही होतात. सभा चालवणं, हिशेब मांडणं, चारचौघांत बोलणं तिथं शिकवतात.

सगळंच गोड आहे असं नाही. सभासद व्हायला फी पडते, ती प्रत्येकीला झेपत नाही.

तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्या बचत गटातही पैसा जमतो. त्यातला थोडा, वेगळ्या वहीत, वेगळ्या खात्यात, गावातल्या एका मुलीच्या फीसाठी ठेवला तर? आणि ती कमावती झाली की तिनं पुढचीसाठी भरायचं.

पुढच्या बैठकीत हा विषय काढाल ना?