मोराचा षड्ज, हत्तीचा निषाद

नेमी-राजुलची गाणी आपल्या घरोघरच्या बायकांना पाठ असतात. गाताना गळा दाटून येतो तो राजुलसाठी. हळद लागलेली, मांडव सजलेला आणि नवरदेव तोरणापासूनच परत फिरलेला. पण या कथेत सगळ्यात आधी कोणाचा आवाज उठतो? वऱ्हाडाच्या जेवणासाठी कोंडून ठेवलेल्या पशूंचा. वाजंत्री चालू असताना नेमिकुमारांना तो ऐकू आला, त्यांनी रथ वळवला आणि गिरनारची वाट धरली. आपल्या बाविसाव्या तीर्थंकरांचं वैराग्य अशा एका ऐकण्यातून सुरू झालं.

ही कथा आपल्या सीमाभागाला परकी नाही. बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात खटकचिंचोळी आहे. तिथून दक्षिणेला कलबुर्गी जिल्ह्यात उतरलं की कागिणा नदीकाठी मळखेड लागतं. हीच राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथली जुनी नेमिनाथ बसदी आजही आहे. याच मान्यखेटात महाकवी पुष्पदंतांनी इ.स. 965 मध्ये अपभ्रंश भाषेतलं महापुराण पूर्ण केलं. तीर्थंकरांच्या चरित्रांत नेमिनाथांचं चरित्रही त्यात आलंच.

खटकचिंचोळीच्या शेजारचा तालुका बसवकल्याण. चालुक्यांचं कल्याण ते हेच. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने इ.स. 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद त्यात आहे. उखळापाशी घाम गाळणाऱ्या बाईचं गाणं राजाच्या ग्रंथात यावं, याचा आपल्याला अभिमान वाटतोच. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकी म्हणून शिकार, मासेमारी, कोंबड्यांच्या आणि मेंढ्यांच्या झुंजी हेही सविस्तर दिलंय. एकाच राजाचे कान गाण्याला रमायचे आणि झुंजीतल्या जिवांच्या ओरडण्यालाही रमायचे.

पुढे तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात स्वर कोणकोणत्या प्राण्यांच्या आवाजात आहेत ते त्यात सांगितलंय. मोर षड्ज बोलतो, चातक ऋषभ, बकरा गांधार, क्रौंच मध्यम, कोकिळ पंचम, बेडूक धैवत आणि हत्ती निषाद. त्याच्या कितीतरी आधीच्या, श्वेतांबर परंपरेतल्या स्थानांग सूत्रातही अशी यादी आहे. तिथे ऋषभ कोंबड्याकडे आणि गांधार हंसाकडे आहे. पण मोर, कोकिळ आणि हत्ती आपापल्या जागी तसेच आहेत. गाणाऱ्याचा सा मोराशी जोडलेला आहे, एवढं दोन्ही ग्रंथ मान्य करतात. मग गाणारा माणूस या मुक्या म्हणवल्या जाणाऱ्या जिवांचा ऋणी नाही का?

हे ऋण मानणारा एक कलावंत आपल्याच भागात होऊन गेला, असं मला वाटतं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. जन्म 1872 चा, उत्तरेतल्या कैराना गावचा, पण मुक्काम मिरजेला. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि हिराबाई बडोदेकर त्यांची मुलगी. खाँसाहेबांचा स्वर ऐकला की आवाज चढवून समोरच्याला जिंकायचं असतं हे विसरायला होतं, इतका तो हळुवार. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती. 1937 मध्ये ते गेले आणि त्याच दर्ग्यात विसावले. त्यांच्याकडे टिपू मियाँ नावाचा कुत्रा होता. खाँसाहेबांनी त्याला स्वर लावायला शिकवलं होतं, आणि तो लोकांसमोर त्यांच्या सुरात सूर मिळवायचा असं सांगतात. कोणी याला तमाशा म्हणेल. पण कुत्र्याला शिकवायचं तर आधी त्याचा आवाज तासन् तास ऐकावा लागतो, त्याचा सूर कुठे आहे ते शोधावं लागतं. जो कुत्र्याच्या गळ्यातही सा शोधतो, तो त्याला नुसतं जनावर कसं समजेल?

आपल्या शास्त्रात तर हे केव्हाच सांगून ठेवलंय. समवसरणात बारा सभा असतात आणि त्यांतली एक तिर्यंचांची. भगवंतांची दिव्यध्वनी वाघाला, गाईला, सापाला आपापल्या भाषेत कळते. ऐकण्याचा हक्क त्यांनाही आहे.

आता आपल्या लग्नांकडे बघू या. जेवण शुद्ध शाकाहारी, रात्री चूल बंद, पाणी गाळलेलं, सगळं पाळतो. आणि वरातीला डीजे लावतो, फटाक्यांच्या माळा सोडतो. गोठ्यातली म्हैस दावं ओढते, कुत्री पलंगाखाली शिरतात, झाडावरची पाखरं रात्रीच्या अंधारात उडतात. त्या गोंगाटात एखादा नेमिकुमार रथात बसलेला असला, तरी त्याला काय ऐकू येणार? अहिंसा ताटात सांभाळली तशी कानातही सांभाळायला हवी. लग्नात काय वाजवायचं, हे पुष्कळदा घरातल्या बायकाच ठरवतात. पुढच्या लग्नात डीजेऐवजी चार जणींनी बसून नेमी-राजुलची गाणी म्हटली, तर गोठ्यातली म्हैसही शांतपणे रवंथ करील.