दुसऱ्या मजल्यावरचं जिरेनियम

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीतल्या झाडांविषयी काहीतरी लिहा’ असं सांगितलं. आपल्या बागेचा इतिहास खरं तर एका परिच्छेदात संपतो. त्यातला निम्मा भाग बोअरवेलचा. म्हणून आमच्या गॅलरीतून खाली लोंबणाऱ्या त्या गुलाबी फुलांच्या वेलीचा इतिहास लिहितो. तो सव्वातीनशे वर्षांचा आहे, आणि त्यातली शेवटची दहा-अकरा वर्षं आपल्या बिल्डिंगमध्ये गेली आहेत.

२०१२ साली मुलगी नोकरीसाठी स्वित्झर्लंडला, बर्न शहरात होती. मी आणि ही तीन महिने तिच्याकडे राहिलो. जुन्या बर्नमध्ये हिरवट-करड्या वालुकाश्माची घरं आणि प्रत्येक खिडकीखाली लांबट कुंड्यांतून ओसंडणारी जिरेनियमं. हिला वाटलं, हे इथलंच झाड. ऑक्टोबरच्या शेवटी घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाई एकेक कुंडी छातीशी धरून तळघरात नेत होत्या. आम्ही दोघं मदतीला लागलो. फुलांनी भरलेल्या फांद्या त्यांनी कात्रीने सपासप छाटल्या, वीतभर खुंट ठेवले. हिला ते बघवेना.

झाड तिथलं नव्हतंच. ते दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडचं, केप भागातलं. तिथे ते झुडपांच्या आधाराने रांगत वर चढतं. जाड, मेणचट पानांत पाणी साठवतं, त्यामुळे कोरड खपते. कडक हिमतुषार मात्र खपत नाहीत. १७०० च्या सुमारास केपचा डच गव्हर्नर विलेम आद्रियान व्हान डेर स्टेल याने ते हॉलंडला पाठवलं. देठ पानाच्या कडेला न जुळता आतल्या बाजूला जुळतो, ढालीला मूठ असावी तसा. म्हणून लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘ढालीसारखं’ या अर्थाचं ‘पेल्टाटम’ नाव दिलं, पण घातलं जिरेनियमच्या कुळात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरिटिए याने १७८९ मध्ये ते पेलार्गोनियम या वेगळ्या प्रजातीत नेलं. पहिल्या नावात क्रौंच पक्षी आहे, दुसऱ्यात करकोचा. दोन्ही नावं फळाच्या चोचीसारख्या आकारावरून. लोकांनी शास्त्रज्ञांचं ऐकलं नाही. जिरेनियमच म्हणत राहिले. आपणही तेच म्हणू.

सुरुवातीला अशी झाडं हिवाळ्यात जगवायची तर काचेची, शेगडीने ऊबदार ठेवलेली घरं लागत. ती श्रीमंतांकडे. पुढे युरोपातल्या साध्या घरांनीही आपला उपाय शोधला: बटाटे ठेवायचं तळघर. पाच ते दहा अंश तापमान, थोडा उजेड, महिन्यातून घोटभर पाणी. झाड मरत नाही आणि वाढतही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी माती. बाहेर काढायचं मात्र मेच्या मध्यानंतर. ११ ते १५ मे हे तिकडे ‘बर्फाच्या संतांचे’ दिवस. ते उलटेपर्यंत थंडीचा भरवसा नाही. आपल्याकडे मृगाकडे बघून पेरणीचं ठरवायचे, त्यातलाच प्रकार.

परतल्यावर हिने २०१३ च्या डिसेंबरात पुण्यातल्याच एका नर्सरीतून तसलं रोप आणलं. (परदेशातून फांदी आणायची तर सरकारी परवाने लागतात, हिची तयारी होती, माझी नव्हती.) मार्चपर्यंत गॅलरी गुलाबी. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि पंधरा दिवसांत बुंधा तळापासून काळा पडून रोप आडवं झालं. ही दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, त्या बाईंचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा.”

बरोबर होतं तिचं. सुगंधी तेलाच्या जिरेनियमची शेती आता आपल्या राज्यातही होते. त्यातही मातृरोपं पावसाळ्यात प्लास्टिकच्या छपराखाली सांभाळतात. आमच्याकडे तळघर नाही, म्हणून जिन्याच्या लँडिंगवरची खिडकी. पुढच्या रोपापासून पद्धत ठरली: मेअखेरीस छाटणी, छाटलेल्या चार-चार बोटांच्या शेंड्यांची खालची पानं काढून अर्धा दिवस सावलीत सुकवायचे, मग वाळूमिश्रित मातीत लावायचे. मोठी कुंडी लँडिंगवर. माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा गॅलरीत.

‘सामाईक जागेत वैयक्तिक वस्तू’ या विषयावर मला आलेलं पत्र कार्यालयाच्या फाइलीत असेलच. तक्रार रास्त होती. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या साड्यांवर तांबडं पाणी ठिबकलं होतं, तीही रास्त. हिने स्वतः जाऊन साड्या धुऊन इस्त्री करून दिल्या, सोबत एक रोपही. ते रोप अजून आहे.

२०२० मध्ये ही गेली. त्या पावसाळ्यात मी कशाकडेच बघितलं नाही. लँडिंगवरच्या कुंडीला कुणीतरी पाणी घालत होतं, अगदी बेताने. कोण ते आजवर कुणी सांगितलं नाही. छाटातून आलेलं रोप बी पेरून आलेल्यासारखं नसतं, ते तेच झाड असतं. म्हणजे आज लोंबतंय ते हिने लावलेलंच.

आता गुडघ्यांमुळे भरलेली कुंडी उचलवत नाही. यंदा अकरा शेंडे रुजले आहेत. ज्यांना हवेत त्यांनी संध्याकाळी पाचनंतर यावं, पिशवी आणावी. कुंडी कठड्याच्या आतल्या बाजूला टांगा आणि खाली ताटली ठेवा. साड्या वाळत असतात.